समुद्राकडची रेघ

प्रिय टोळ,

तुझ्यावर वर्तमानपत्रात आलेला लेख मी वाचला. दोनदा वाचला, आणि दोन्ही वेळा चहा गार झाला. ‘वाऱ्याने घडवलेली मुलगी’ म्हणे! वारा कुणाला घडवत नाही. वारा टोप्या उडवतो, वाळत घातलेले कपडे उडवतो आणि टेनिसचे चेंडू छपरावर नेऊन टाकतो. लेखक सकाळच्या बोटीने बेटावर आला आणि दुपारच्या बोटीने गेला, त्याला काय कळणार? ज्या सामन्याबद्दल पानभर लिहायला हवं होतं त्याला त्याने एक ओळ दिली आणि त्या ओळीतही आकडे चुकवले. तेव्हा आता मीच लिहिते. तू ज्युनियर म्हणून खेळलीस तो काळ गेल्या महिन्यात संपला. अठरा झालीस, आता तुला कुणी ज्युनियर म्हणणार नाही. माझं काही चुकलं असेल तर फोन कर. फक्त जेवणाच्या वेळेला करू नकोस.

पहिल्यापासून सांगते, कारण हे इतरांनाही वाचायचं आहे.

तू आठ वर्षांची होतीस आणि मी शाळेतून निवृत्त होऊन चार महिने झाले होते. पस्तीस वर्षं मी बेटावरच्या एकुलत्या एका शाळेत भौतिकशास्त्र शिकवलं. चार महिन्यांत माझी घरातली सगळी कपाटं आवरून झाली होती आणि आता काय आवरायचं या विचारात मी रोज संध्याकाळी धक्क्यापर्यंत फिरायला जात होते. वाटेत बर्फाचा कारखाना. त्याच्या मागे, जुनी पाण्याची टाकी पाडल्यावर उरलेला काँक्रीटचा चौथरा. एका लांब बाजूला कारखान्याची भिंत, दुसऱ्या बाजूला कमरेइतका कठडा आणि खाली समुद्र. तू भिंतीवर चेंडू मारत होतीस आणि कारखान्याचे मॅनेजर दारात उभे राहून हातवारे करत होते.

“बाई, बरं झालं आलात! तुमची विद्यार्थिनी ना ही? आवरा हिला. सकाळी सहापासून भिंतीवर ठाप-ठाप, ठाप-ठाप. माझं डोकं आहे की ढोल? कुठला टोळभैरव आमच्याच वाट्याला आलाय!”

“माझी विद्यार्थिनी नाही. आठ वर्षांच्या मुलांना मी शिकवत नाही,” मी म्हटलं.

“मग आता शिकवा,” तू म्हणालीस. मागे वळूनही न बघता. चेंडू चालूच.

टोळभैरवाचा टोळ झाला तो त्या दिवसापासून. आणि मी तुझी ‘बाई’ झाले तीही त्याच दिवसापासून, टेनिसमधलं ओ की ठो कळत नसताना. कॉलेजात मी वर्षभर बॅडमिंटन खेळले होते, तेवढीच पुंजी.

वाचनालयात टेनिसचं एक जुनं पुस्तक निघालं. त्यातलं सर्व्हिसचं सगळं प्रकरण कुणीतरी फाडून नेलेलं. फोरहँड होता, बॅकहँड होता, नेटजवळचा खेळ होता. पण ज्याच्याशिवाय खेळ सुरूच होत नाही ते नव्हतं. म्हणून सर्व्हिस आपण दोघींनी बसून तयार केली. समुद्राकडून वारा बारा महिने चौथऱ्यावर आडवा येतो. चेंडू सरळ डोक्यावर फेकला की तो खाली येईपर्यंत हातभर भिंतीकडे सरकलेला असायचा. मी वहीत आकृती काढली, बाण दाखवले, आणि तुला सांगितलं, “चेंडू समुद्राच्या बाजूला फेक. वारा आणून देईल.” वाऱ्याने आणून दिला. मी स्वतःवर इतकी खूश झाले की दोन दिवस कुणाशी नीट बोलले नाही.

फटक्यांचंही तेच. चेंडू रेघेच्या आत पडायला हवा असेल तर तो समुद्राकडच्या रेघेबाहेर मारायचा. बाहेर निघालेला चेंडू वारा आत ढकलतो. तुझ्या हाताला ते इतकं मुरलं की तुला रेघ दिसायचीच मुळी हातभर पलीकडे.

आणि उंच चेंडू? त्याचं नावच काढायचं नाही. लॉब मारला की वारा त्याला उचलायचा तो थेट कारखान्याच्या पत्र्यावर. पत्र्यावरून घरंगळत पलीकडच्या अंगणात, जिथे बर्फ फोडून मासळीच्या पेट्यांत भरतात. एकदा तुझा चेंडू पेटीत बसून बोटीने पलीकडच्या बाजारात पोचला आणि एका गिऱ्हाइकाने तो मासळीसकट मॅनेजरांना परत पाठवला. दुसऱ्या दिवशी भिंतीवर लाल रंगात पाटी: ‘उंच चेंडू मारण्यास सक्त मनाई आहे.’ तुझ्या आईने शिवणयंत्रावरून मान वर न करता एवढंच म्हटलं, “बरं झालं. चेंडू काय झाडाला लागतात?” त्या दिवसापासून तू दहा वर्षं एकही लॉब मारला नाहीस. मला आठवतंय, पाऊणशे पावलांवरून मी ओरडायचे, “छपराकडे नको!”

खेळायला माणसं कोण? तुझे बाबा. बोटीवर इंजिनमिस्त्री, हाताला ग्रीस, रॅकेटची मूठ कायम काळी. दहाव्या वर्षी तू त्यांना हरवलंस, तेव्हा ते म्हणाले, “माझा गुडघा दुखत होता.” अकराव्या वर्षी दुसरा गुडघा. बाराव्या वर्षी त्यांनी बोटीवरचे खलाशी आणायला सुरुवात केली. बोट धक्क्याला अर्धा तास थांबते. तेवढ्यात सामना. भोंगा वाजला की खलाशी रॅकेट टाकून पळत सुटायचा आणि तू मागून ओरडायचीस, “काका, चाळीस-पंधरा आहे, उद्या इथूनच सुरू!” तिकीट तपासणारे काका डावखुरे होते, त्यांचा तुला फार उपयोग झाला.

चौदाव्या वर्षी आपण पहिल्यांदा पलीकडे गेलो. मोठ्या शहरातलं बंदिस्त सभागृह, वर पांढरे दिवे, खाली निळं कोर्ट आणि वारा नावाला नाही. तू पहिला चेंडू फेकलास, समुद्राच्या बाजूला, म्हणजे समुद्र असता तर ज्या बाजूला असता त्या बाजूला. तो तिथेच वर गेला आणि तिथेच खाली आला. तू त्याच्यामागे उडी मारलीस, खरोखरच टोळासारखी, आणि पडलीस. लोक हसले. मग प्रत्येक फटका रेघेबाहेर, प्रत्येक फटका हातभर बाहेर, एकाच मापाने. पंचांनासुद्धा नवल वाटलं असावं. तिसऱ्या गेमनंतर तू प्रेक्षकांकडे वळून मोठ्याने विचारलंस,

“बाई, समुद्र कुठल्या बाजूला आहे?”

अख्खं सभागृह खोखो हसलं. मी नाही हसले. प्रश्न बरोबर होता आणि चूक माझी होती. सहा-शून्य, सहा-एक. पाऊण तासात सगळं आटपलं.

पण त्या सहा-एकमधला तो एक गेम एका माणसाने नीट पाहिला होता. पलीकडच्या प्रशिक्षण केंद्राचे सर. ते आपल्याजवळ आले आणि म्हणाले, “हिला हे पाय टाकणं कुणी शिकवलं?”

“खलाशांनी,” तू म्हणालीस.

“आणि हे चेंडू फेकणं?”

“ते बाईंनी.”

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी तुला विडी ओढायला शिकवली होती. तरीही दर सुट्टीत दोन महिने त्यांनी तुला केंद्रात घेतलं. तिथे तू नव्याने शिकलीस. बेटावर परत आलीस की वारा पुन्हा जुनं शिकवायचा. पंधरा, सोळा, सतरा. उघड्या मैदानावर तू भल्याभल्यांना धूळ चारायला लागलीस. जिथे वारा जास्त तिथे इतर मुली रडकुंडीला यायच्या आणि तू शीळ घालायचीस. तुझं नाव क्रमवारीत वर, वर सरकत गेलं. पण बंद सभागृहात आलीस की दुसऱ्या फेरीत बाहेर. हात ऐकायचा नाही. दमलीस की रेघ पुन्हा हातभर पलीकडे सरकायची.

आणि मग गेलं वर्ष. ज्युनियर म्हणून शेवटचं. जगभरातल्या मुलींची जी सगळ्यात मोठी स्पर्धा, तिचा दरवाजा तुला एकदाच उघडणार होता आणि त्यासाठी क्रमवारीत पाच जागा वर जाणं भाग होतं. वेळापत्रकात त्याआधी एकच स्पर्धा उरली होती. तीही त्याच सभागृहात, निळ्या कोर्टावर. उपांत्य फेरी जिंकलीस तर आत. हरलीस तर विषय संपला, पुढच्या वर्षी वय नाही. तुझ्या बाबांनी बोटीवर चढताना एवढंच म्हटलं, “टोळ, नाही झालं तरी परत यायचं. बोट इकडूनही सुटते, तिकडूनही सुटते.” आणि घाईघाईने इंजिनकडे गेले. डोळ्यांत काहीतरी गेलं होतं म्हणे. ग्रीस असेल.

तीन फेऱ्या तू दात-ओठ खाऊन काढल्यास. उपांत्य फेरीच्या दिवशी सर दुसऱ्या कोर्टावर दुसऱ्या मुलीजवळ होते, म्हणून प्रशिक्षकाचा बिल्ला माझ्या गळ्यात. समोर ती उंच मुलगी, पोनीटेलवाली, जी प्रत्येक सर्व्हिसनंतर धावत नेटपाशी येऊन भिंतीसारखी उभी राहायची. पहिला सेट तिचा, दुसरा तुझा. तिसऱ्यात चार-चार. सर्व्हिस तुझी. आणि मला दिसलं की तू दमलीस. चेंडू फेकताना तुझा हात एका बाजूला जायला लागला, त्याच जुन्या बाजूला. एक फटका बाहेर, हातभर. दुसरा बाहेर.

मी उभी राहिले आणि ओरडले, “समुद्र विसर!”

पंचबाईंनी माझ्याकडे बोट दाखवून ताकीद दिली. खेळाडूला बाहेरून सूचना देणं नियमात बसत नाही. मी बसले. बसले म्हणजे टेकले. चाळीस-चाळीस झालं. तू चेंडू टप्पा टप्पा करत होतीस आणि मला तुझा खांदा दिसला, तो पुन्हा तिकडेच झुकलेला. माझी जीभ! पस्तीस वर्षं वर्गात मागच्या बाकापर्यंत पोचलेली जीभ.

“आत फेक! डोक्यावर!”

गुण कापला. माझ्या ओरडण्याने तुझा गुण कापला गेला, पुढचा त्या मुलीने घेतला, आणि गेम गेला. पाच-चार, आता सर्व्हिस तिची. एक गेम जिंकला की ती अंतिम फेरीत आणि तू बोटीत. पंचबाईंनी मला बाहेर जायला सांगितलं. तू माझ्याकडे पाहिलंस. रागाने पाहिलं असतंस तर बरं झालं असतं. तू फक्त मान हलवलीस, जा म्हणून.

बाहेर लांब गारेगार व्हरांडा. दाराला एक गोल काच, पण ती इतकी उंच की माझे डोळे पोचेनात. तिथे सफाईवाली बाई उलट्या बादलीवर उभी राहून आत बघत होती.

“काय चाललंय आत?” मी विचारलं.

“तुम्ही त्याच ना, ओरडणाऱ्या?”

“हो, त्याच. काय चाललंय?”

“मला यातलं काही कळत नाही हो. मी आपली दिवे बघते. तो कोपऱ्यातला लुकलुकतोय.”

“दिवे राहू द्या! पाटीवर काय आहे?”

“एका बाजूला चाळीस. दुसऱ्या बाजूला पंधरा.”

“चाळीस कुणाचे?”

“उंचीचे. त्या उंच पोरीचे हो.”

 सामना जिंकायला दोन संधी त्या मुलीकडे. मी दाराला कान लावला. सर्व्हिसचा आवाज, ठप्प! मग तुझा. मग नेटजवळ तिच्या बुटांची किरकिर आणि तिचा फटका. मग तुझा आणखी एक आवाज, पण हलका. इतका हलका की मला वाटलं चेंडू रॅकेटच्या कडेला लागला. आणि मग काहीच नाही.

काहीच नाही! चेंडूच्या दोन आवाजांमध्ये एवढा वेळ मी दहा वर्षांत ऐकला नव्हता.

“काय झालं? बोला ना!”

“वर गेला,” ती म्हणाली. “अजून वर. अगंबाई, दिव्यांत गेला! उंची मागे पळतेय. पळतेय, पळतेय… पडला.”

“आत की बाहेर?”

“रेघेला चिकटून. लोक टाळ्या वाजवतायत. म्हणजे आत असणार ना?”

लॉब. माझ्या टोळाने लॉब मारला होता! मी व्हरांड्यात एकटीच टाळ्या वाजवल्या. पुढच्या चेंडूला पुन्हा तेच, ठप्प, किरकिर, हलका आवाज आणि ती लांबलचक शांतता. सफाईवाली आता बादलीवर नाचत होती. “परत वर! परत वर घातला हो! ही उंची आता मागे जाऊ की पुढे जाऊ करतेय!” दोन्ही संधी तिच्या हातून गेल्या, पुढचे दोन गुणही तुझेच. पाच-पाच. मग तुझी सर्व्हिस, खाडखाड, एकही हलका आवाज नाही, सहा-पाच. मला बाहेर उभं राहून आवाजावरून कळत होतं की चेंडू बरोबर तुझ्या डोक्यावर जातोय आणि रॅकेटच्या मधोमध बसतोय.

शेवटचा गेम मी ऐकलाच नाही. सफाईवालीने मला बादलीवर ओढून घेतलं. दोन म्हाताऱ्या एका बादलीवर, एकमेकींच्या कमरा धरून. चाळीस-तीस तुझ्या बाजूने. ती मुलगी आता नेटपाशी यायला धजत नव्हती, मागेच राहिली. आणि तू, बेरकी कुठली, चेंडू अलगद नेटला लागून पलीकडे तिच्या पुढ्यात सोडलास. ती धावली, पोचली, कसाबसा उचलला. तू वाट बघत होतीस. परत डोक्यावरून. तिने वळून पाहिलंसुद्धा नाही.

सात-पाच. बादली कलंडली आणि आम्ही दोघी फरशीवर बसलो. तिने विचारलं, “तुमची नात?”

मी म्हटलं, “नाही. विद्यार्थिनी.” आणि मग आठ वर्षांची तू आठवलीस आणि मला हसू आवरेना.

नंतर कपडे बदलायच्या खोलीबाहेर मी तुला विचारलं, “लॉब कुणी शिकवला तुला?”

“कुणी नाही. तिथे छप्पर नव्हतं ना पेट्यांवालं. वारा नाही म्हटल्यावर चेंडू वर गेला तर खाली येणारच. हे मला आधी का सुचलं नाही, बाई? तुम्ही तर भौतिकशास्त्र शिकवता!”

“आजच कसं सुचलं?”

तू बुटाची नाडी सोडत होतीस. “तुम्ही बाहेर गेलात. तुम्ही आत असतात तर ओरडला असतात, ‘छपराकडे नको!’”

खरं सांगते, ओरडले असते.

मोठ्या स्पर्धेत तू दोन फेऱ्या जिंकलीस आणि तिसऱ्या फेरीत हरलीस. ते सगळं वर्तमानपत्रात बरोबर आलं आहे, ते मी लिहीत नाही. तिथे तुझ्याबरोबर सर होते. मी बेटावर, बोटीच्या कँटीनमधल्या टीव्हीसमोर. तुझे बाबा, तिकीटवाले काका, मॅनेजर, सगळे. तू पहिला लॉब मारलास तेव्हा मॅनेजर खुर्चीवर उभे राहिले आणि पाटी त्यांनीच लावली होती हे साफ विसरले.

माझा बिल्ला उपांत्य फेरीच्या दिवशी पंचबाईंनी काढून घेतला होता. परतीच्या बोटीत तू मला एक छापील कागद दिलास. हमीपत्र. ‘यापुढे सामना सुरू असताना मी खेळाडूस कोणत्याही प्रकारची सूचना देणार नाही.’ खाली नाव, तारीख, सही. ते पाठवलं की बिल्ला परत, आणि उरलेल्या वर्षात तुझ्या सामन्यांना मला कोर्टाच्या कडेला बसता येणार.

“बाई, उद्याच्या टपालात टाका. विसरू नका.”

“मी काय विसरणारी बाई आहे?”

पहिल्या फोनवर तू विचारलंस, पाठवलंत का. मी म्हटलं, पाठवते. दुसऱ्या फोनवर विचारलंस, पेन नाही का घरात. डिसेंबरमधल्या शेवटच्या स्पर्धेआधी तू दर दिवसाआड विचारत होतीस आणि मी दर दिवसाआड टपाल कार्यालयाला नावं ठेवत होते. कागदावर नाव लिहिलं आहे, तारीखही घातली आहे. ती आता तीन महिने जुनी झाली. सहीची जागा रिकामी आहे.

तुझी,
बाई